काचेतली सोंड

"माझ्या वडिलांना जाऊन तीस वर्षं झाली," ती बाई म्हणाली, "आणि संग्रहालयवाले म्हणतात की ते परत येतात. आणि माझी आई त्यांना आणते."

भाऊजींचा बिस्किटाचा हात अर्ध्यावर थांबला. त्यांच्यासारख्या माणसाच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

वहिनींनी मात्र चष्मा पुसला, पुन्हा नाकावर चढवला आणि "सावकाश सांग," एवढंच म्हटलं.

ही खासगी तपासाची कचेरी मुळात वहिनींच्या नवऱ्याची. तो गेला, तेव्हा आता कचेरीला कुलूप लागणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वहिनींनी कुलूप लावलं नाही. दारावरची पाटी बदलली नाही आणि नवऱ्याच्या खुर्चीत त्या कधी बसल्याही नाहीत. विम्याच्या ऑफिसात जन्मभर शिक्के मारून निवृत्त झालेला धाकटा दीर गाडी चालवायला आला आणि इथलाच झाला. बाकीच्यांना विचारायची लाज वाटते ते प्रश्न भाऊजी बेधडक विचारत. त्यातले काही उपयोगी पडत.

बाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. बोलणंही तसंच होतं, एकेक अक्षर नीट दिसेल असं. तिचे वडील चाचणी वैमानिक होते. ज्या हेलिकॉप्टरची ते चाचणी घेत ते लढाईसाठी होतं, अरुंद, एकामागे एक दोन आसनांचं. कारखान्यात त्याचे दोनच नमुने तयार झाले. पहिल्याच्या नाकावर वाऱ्याचा वेग मोजायची एक लांब बारीक नळी होती, म्हणून कारखान्यातले लोक त्याला सोंड्या म्हणत. दुसरं अगदी तसंच, फक्त सोंड नसलेलं. पहिलं कोसळलं आणि जळून खाक झालं. त्यात वडील गेले. पाहुण्यांसमोर शायनिंग मारायला वैमानिक नको इतका खाली आला आणि झटक्यात वळला, असा चौकशीचा निकाल लागला. योजना गुंडाळली गेली. दुसरं हेलिकॉप्टर संग्रहालयात आलं. जगात त्या जातीचं आता तेवढं एकच उरलंय.

"आई दर गुरुवारी तिथे जाते. हेलिकॉप्टरसमोर खुर्ची टाकून बसते. मी लहान होते तेव्हापासून."

हेलिकॉप्टरशेजारी काचेच्या कुलूपबंद पेटीत त्याचं छोटं मॉडेल टांगलेलं होतं. काही महिन्यांपूर्वी त्या मॉडेलला सोंड फुटली. पेटीचं कुलूप जसंच्या तसं होतं. संग्रहालयाच्या प्रमुखांनी सोंड उपटली, भोक बुजवून घेतलं, मॉडेल परत टांगलं. थोड्या दिवसांनी पुन्हा सोंड. मेलेलं हेलिकॉप्टर जिवंत हेलिकॉप्टरच्या अंगात येतंय, असं तिथले नोकर कुजबुजायला लागले. मग एकदा आई समोर बसलेली असतानाच सोंड बाहेर आली, आणि प्रमुखांनी आईला यायची बंदी केली.

"आणि बंदी केल्यापासून सोंड आली नाही," बाई म्हणाली. "त्यामुळे त्यांची खात्रीच पटलीय."

"आई काय म्हणते?"

"म्हणते, तेच करतात. त्यांना काहीतरी सांगायचंय." बाईने खिडकीबाहेर पाहिलं. "ती धड जेवत नाही आता. परवाच्या गुरुवारी साडी नेसून, पर्स घेऊन दाराशी बसून राहिली. आणि येत्या आठवड्यात तिथे समारंभ आहे. हेलिकॉप्टरजवळ कायमचा फलक लागणार. त्यावर लिहिलंय, पहिला नमुना वैमानिकाच्या चुकीमुळे नष्ट झाला. ती तो वाचेल आणि संपेल, मॅडम. माझी आई लबाड नाही, एवढं तरी त्याआधी सिद्ध करा."

जाताना तिने एक चपटं खोकं टेबलावर ठेवलं. त्याच हेलिकॉप्टरचं जोडायचं मॉडेल होतं, सुटे भाग, पहिल्या खेपेतलं. ज्याने संग्रहालयाचं मॉडेल केलं त्यानेच ते काही वर्षांपूर्वी आईला भेट दिलं होतं. आईने ते कधी उघडलं नाही.

भाऊजींनी खोक्याकडे आशेने पाहिलं.

"जोडा," वहिनी म्हणाल्या. "हात कामात असले की तुमचं तोंडही जरा विश्रांती घेतं."

*

संग्रहालय म्हणजे पूर्वीची विमानं ठेवायची शेड. पत्र्याचं छप्पर उन्हाने तापलं की टक् टक् वाजायचं, आणि प्रत्येक टक् ला भाऊजी वर बघायचे. दालन रंगकामासाठी बंद होतं. ओल्या रंगाचा वास डोक्यात जात होता.

हेलिकॉप्टर मधोमध उभं होतं. पंख्याची पाती जमिनीकडे वाकलेली, दाराच्या फटीतून वारा आला की जराशी हलणारी. पुढच्या काचांमागे काळोख होता. आत कुणी नाही हे माहीत असूनही भाऊजींनी दोनदा वाकून खात्री केली. शेपटीवर पांढऱ्या रंगात ठसठशीत दोनाचा आकडा होता.

संग्रहालयाचे प्रमुख सतत रुमालाने हात पुसणारे गृहस्थ होते. त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगताना स्वतःच एकदा मागे वळून पाहिलं. पेटीची किल्ली एकच, ती त्यांच्या कमरेला. मॉडेल करणारा तो डिंकमास्तर, सगळा गाव त्याला याच नावाने ओळखतो. मॉडेलची डागडुजी आधीपासून त्याच्याकडेच, भोक बुजवायलाही ते दर वेळी तिकडेच जायचं. हे सगळं सुरू झालं ते फलकाचं ठरलं त्याच सुमारास.

मॉडेल दोन बारीक तारांवर टांगलं होतं, नाक खाली, शेपटी वर, झेप घेतल्यासारखं. त्याच्या डोक्यावर जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब होता. तो विझलेला होता.

"हा लावत नाही?" वहिनींनी विचारलं.

"दालन उघडं असलं की दिवसभर चालू असतो. आता रंगकामापासून बंद आहे, बघणार कोण? आजींना शेवटचं बाहेर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रंगारी आले." प्रमुखांनी हात पुसले. "आजी बंद, भूत बंद. आता तुम्हीच सांगा."

सोंड नेमकी कुठे फुटायची ते वहिनींनी खऱ्या हेलिकॉप्टरवर दाखवायला सांगितलं. नाकाच्या टोकावर नाही, टोकाच्या जरा खाली, डाव्या अंगाला. प्रमुखांनी जिथे बोट ठेवलं तिथला रंग सगळ्यात गुळगुळीत होता.

"नाकाचं काम छान झालंय," वहिनी म्हणाल्या.

ते मोठ्या साहेबांनी स्वतः केलं, असं कौतुकाने सांगण्यात आलं. मोठे साहेब म्हणजे त्या योजनेचे प्रमुख, हेलिकॉप्टरचे जनक, आता निवृत्त. रंगकाम त्यांनीच करवलं. एवढ्या वयात स्टुलावर चढून नाकाला पुट्टी त्यांनी स्वतःच्या हाताने लावली, रंगाऱ्यांना हात लावू दिला नाही.

चहा पिताना प्रमुखांनी टेबलाच्या खणातून उपटलेली एक सोंड काढून दिली. शिवणाच्या सुईएवढी पोलादी सळई होती. ओढली की अलगद यायची, ते म्हणाले, कुठे चिकटलेली नसायची. एका टोकाला पांढुरका थर होता. वहिनींनी ते टोक चहाच्या वाफेवर धरलं. थर चकाकायला लागला तसा तो त्यांनी दोन बोटांत चोळला आणि बोटांचा वास घेतला.

"डिंक असेल," भाऊजी म्हणाले. "त्याच्या नावातच आहे."

"असेल," वहिनी म्हणाल्या.

*

मोठे साहेब आपल्या बागेत वेताच्या खुर्चीत बसले होते. पाठ अजून ताठ होती. आलेल्यांना त्यांनी अशा काही नजरेने बसायला सांगितलं की भाऊजी खुर्चीच्या कडेवर टेकले आणि तिथेच राहिले.

भुताच्या गोष्टींना ते हसले. म्हातारीची कीव येते म्हणाले, पण शिस्त ती शिस्त. वैमानिकाबद्दल ते वाईट बोलले नाहीत. मुलगा हुशार होता, पण पाहुणे आले होते, मोठी मंडळी होती, त्यांच्यासमोर मोह आवरला नाही. कोवळ्या वयात होतं असं.

"दुसरं हेलिकॉप्टर त्या दिवशी उडवणार होतात का?" भाऊजींनी विचारलं. हा प्रश्न कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

साहेबांची हनुवटी वर गेली. "दुसरं मी महिनाभर जमिनीवर ठेवलं होतं. त्याच्या शेपटीचं बेअरिंग मला पसंत नव्हतं. उडवायचं नाही असा माझा स्वतःचा हुकूम होता. शेपटीचा पंखा अडकला तर माणूस काही करू शकत नाही, गरगरत खाली येतो. मी माणसांच्या जिवाशी खेळणारा नाही."

हे ते फार वेळा बोललेले असावेत. त्यात एकही शब्द अडखळला नाही.

परतताना गाडीत भाऊजी म्हणाले, काही म्हणा, माणूस जबाबदार वाटला. वहिनी काही बोलल्या नाहीत. भाऊजींना हे गप्प बसणं ओळखीचं होतं. थोरला भाऊही असाच गप्प बसायचा आणि मग जेवताना मधेच कुणालातरी खुनी ठरवायचा.

*

डिंकमास्तरचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतभर विमानं, रणगाडे, जहाजं, सगळी तळहातावर मावतील अशी. कामाच्या टेबलावर कानशी, चिमटे, सुया, अर्धी जळलेली मेणबत्ती, रंगाच्या बाटल्या. मास्तर स्वतः पन्नाशीचा, बोटांची टोकं डिंकाने कायम कडक झालेली. तो खालच्या आवाजात बोलायचा आणि समोरच्याकडे न बघता समोरच्याच्या हातांकडे बघायचा.

भाऊजींना तिथे घरच्यासारखं वाटलं. त्यांनी आपल्या कामाची बढाई सुरू केली. अर्धं हेलिकॉप्टर जोडून झालंय, नाकाचे दोन्ही भाग एकजीव केलेत. तेवढा एक दोष निघाला, नाकाच्या खाली डाव्या बाजूला एक गोल उंचवटा होता, मुगाच्या दाण्याएवढा, ओतताना बुडबुडा राहिला असणार. तो पॉलिशपेपरने घासून साफ केला.

"काढलात?" मास्तर म्हणाला.

त्याच्या हातातला चिमटा खाली गेला. चेहरा असा झाला की जणू कुणी घरातलं गेल्याची बातमी आलीय.

"दोषच होता ना?" भाऊजी घाबरले.

"सगळेच काढतात," मास्तर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "ज्यांनी ज्यांनी ते घेतलं त्या सगळ्यांनी घासून टाकला. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, म्हणून पुढच्या खेपेला मीच साच्यातून काढला."

वहिनींनी विचारलं, मॉडेल करताना मापं कुठून घेतली. खऱ्या हेलिकॉप्टरवरूनच, तो म्हणाला, बोटाबोटाने, आठ महिने तिथे जात होतो. जे दिसतं ते करायचं, मनचं काही घालायचं नाही, ही वडिलांची शिकवण. भिंतीवर वडिलांचा फोटो होता. ते हेलिकॉप्टरच्या कारखान्यात रंगारी होते. आकडे, खुणा, पट्टे, सगळं त्यांच्या हातचं. गेल्या वर्षी वारले.

"त्या अपघाताबद्दल ते कधी काही बोलले?"

मास्तर उठला आणि त्याने दुकानाचं दार उघडून धरलं.

"त्याबद्दल मी एक शब्द बोलणार नाही," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. विनवणी होती.

*

वैमानिकाची बायको दिवाणखान्यात दाराकडे तोंड करून बसली होती. पर्स मांडीवर होती. तो गुरुवार नव्हता.

मुलीने ओळख करून दिली. वहिनी तिच्या शेजारी बसल्या. दोघींच्या हातांत बांगड्या नव्हत्या. भाऊजी पहिल्यांदाच आपणहून स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आले.

"ते हेलिकॉप्टर आमच्या घरावरून न्यायचे," पेला हातात घेत आई म्हणाली. "मला दिसावं म्हणून. मी गच्चीवर हिला कडेवर घेऊन उभी राहायचे. त्या दिवशीही गेलं. पण त्या दिवशी त्याला सोंड नव्हती."

"आई," मुलगी हलकेच म्हणाली.

"नव्हती. तोंड बोडकं होतं त्याचं. मरण येणार असलं की वस्तूंचाही चेहरा जातो. मी चौकशीत सांगितलं तर ते लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग मी कुणाला सांगितलं नाही."

मुलीने वहिनींकडे ओशाळून पाहिलं. आई तेव्हापासून असंच बोलते, असं ती नजरेनेच सांगत होती.

भिंतीवर एकच फोटो होता. तरणाबांड वैमानिक, डोळे उन्हाने बारीक केलेले, एक हात सोंडेवर ठेवलेला, जसा एखाद्या सवंगड्याच्या खांद्यावर ठेवावा. वहिनी उठून फोटोजवळ गेल्या आणि चष्मा कपाळावर सरकवून अगदी नाक लावून बघत राहिल्या. सोंड नाकाच्या टोकातून निघत नव्हती. जरा खालून, डाव्या अंगाने निघत होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "समारंभाच्या सकाळी मुलीबरोबर संग्रहालयात या. तुमची बंदी माझ्या जबाबदारीवर उठली असं समजा."

*

समारंभ दुपारी होता. सकाळी दालनात सातच माणसं होती. मोठे साहेब कोट घालून आले होते. झाकलेला फलक स्टँडवर उभा होता. वैमानिकाची बायको आपल्या नेहमीच्या जागी खुर्चीत होती, मुलगी तिच्या मागे. डिंकमास्तर दारापाशी, पळता आलं तर बरं अशा बेताने. प्रमुख हात पुसत होते. पेटीवरचा बल्ब मात्र आल्याबरोबर वहिनींनी लावायला सांगितला होता, आणि पेटीची किल्ली प्रमुखांना सगळ्यांदेखत मुठीत धरायला लावली होती.

"या पेटीचं कुलूप कुणी उघडलं नाही," वहिनींनी सुरुवात केली. "उघडायची गरजच नव्हती. सोंड बाहेरून आत कुणी घालत नव्हतं. ती आतून बाहेर येत होती."

छप्पर टक् करून वाजलं.

"मला दिलेल्या सळईच्या टोकाला पांढरा थर होता. भाऊजी म्हणाले डिंक. डिंक वाफेवर वितळत नाही. ते मेण होतं. आता मॉडेल कसं टांगलंय बघा, नाक खाली. त्याच्या पोटात एक बारीक नळी आहे, नळीत सळई, आणि भोकाला मेणाचं बूच, वरून रंग. दिवसभर बल्बने पेटी तापते. मेण मऊ होतं. सळई स्वतःच्या वजनाने उतरते. प्रमुखसाहेब ती उपटायचे आणि भोक बुजवायला मॉडेल पाठवायचे. परत यायचं ते पोटात नवी सळई घेऊनच. ताईंना बंदी केल्यावर भूत थांबलं असं तुम्हाला वाटलं. त्याच सुमारास दालन बंद झालं आणि बल्ब विझला, म्हणून ते थांबलं."

"म्हणजे हा चावटपणा त्या डिंकवाल्याचा," साहेब म्हणाले. "त्याला द्या पोलिसांच्या ताब्यात आणि संपवा."

"हो, त्याचाच. पण का केला?" वहिनी हेलिकॉप्टरच्या नाकाशी गेल्या. "हा माणूस दिसतं तेच करतो. याने या हेलिकॉप्टरवरून मापं घेतली, आणि त्याच्या पहिल्या खेपेत नाकाखाली डावीकडे एक गोल चकती आली. ज्यांनी मॉडेल जोडलं त्यांनी ती बुडबुडा समजून घासून टाकली. मॉडेल करणाऱ्याची नजरच तशी असते, उंचवटा दिसला की हातात पॉलिशपेपर. आमच्या भाऊजींनीही घासली. ते ऐकून मास्तरांचा चेहरा उतरला. दोष गेला म्हणून कुणाला दुःख होतं का? मास्तरांना माहीत होतं की तो दोष नव्हता. खऱ्या हेलिकॉप्टरवर तिथे खरोखर चकती होती. भोक बुजवलेलं ठिगळ. ताईंच्या घरच्या फोटोत बरोबर त्याच जागेतून सोंड निघते."

प्रमुखांचा रुमाल थांबला. "पण सोंड तर पहिल्याला होती. हे दुसरं आहे."

"शेपटीवर तसं लिहिलंय," वहिनी म्हणाल्या. "लिहिणारा रंगारी मास्तरांचा बाप होता. हे पहिलं आहे. हाच सोंड्या. जे कोसळलं ते दुसरं. ताईंनी ते गच्चीवरून पाहिलं होतं आणि जे दिसलं ते खरंखरं सांगितलं होतं. त्याला सोंड नव्हती, कारण ती त्याला कधीच नव्हती."

मोठे साहेब हसायला गेले. "पुरावा?"

"चकती तुम्ही पुट्टीखाली गाडली. मॉडेलला सोंड फुटली तेव्हा ती कुठे बोट दाखवतेय हे इथे एकट्या तुम्हाला कळलं. म्हणून एवढ्या वयात स्टुलावर चढलात. पण पुट्टी बाहेरून लागते, साहेब."

नाकाच्या खाली चार स्क्रूंचं एक झाकण होतं. प्रमुखांनी स्क्रू काढले. साहेब म्हणाले, त्याला हात लावू नका, आणि मग पुन्हा एकदा म्हणाले, पण कुणी थांबलं नाही. भाऊजींनी बॅटरी धरली. आत धुळीत, डाव्या अंगाला, गोल ठिगळाची मागची बाजू दिसत होती. त्याला चिकटून सोंड धरायची लोखंडी पकड तशीच होती, आणि करवतीने कापलेल्या नळीचं बोटभर थोटूक.

"दुसरं हेलिकॉप्टर उडवायचं नाही हा तुमचाच हुकूम, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "ते त्या दिवशी उडालं. तुमचा हुकूम मोडून ते उडवायला फक्त एकच माणूस सांगू शकत होता."

तेवढ्यात मुलीने तोंडावर हात ठेवला. सगळे वळले. पेटीत, पिवळ्या उजेडात, मॉडेलच्या नाकातून काहीतरी चमकदार बाहेर येत होतं. फार हळू, कुणी आतून ढकलावं तसं. कारण आता सगळ्यांना ठाऊक होतं, तरी भाऊजी एक पाऊल मागे सरकले. सोंड पुरी बाहेर आली आणि थांबली.

साहेब स्टँडला धरून उभे होते. त्यांची ताठ पाठ कुठे गेली कळलं नाही. ते जे बोलले ते कुणाकडेच न बघता. पाहुणे परत जायला निघाले होते. पहिल्याचं इंजिन खोललेलं होतं. बेअरिंग एका फेरीला टिकेल असं वाटलं. वैमानिकाने दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्यांदा, साहेब म्हणतात म्हणून, तो चढला.

"आणि शेपटी अडकली," वहिनी म्हणाल्या. "त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. दुसरं पडलं म्हटलं असतं तर चौकशीचं पहिलं बोट तुमच्याकडे वळलं असतं. म्हणून उरलेल्याची सोंड कापली आणि आकडा बदलला. मेलेला माणूस उलट बोलत नाही."

दारापाशी डिंकमास्तर रडत होता. वडिलांनी मरताना सगळं सांगितलं आणि वर शपथ घातली, याबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही, बापाला मेल्यावर गुन्हेगार करायचं नाही. शपथ मोडवेना. फलकाचं ऐकल्यावर गप्पही बसवेना. आजींवर बालंट येईल हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं तेव्हा दालन बंद झालं होतं. तो पुढे येऊन वैमानिकाच्या बायकोच्या पाया पडायला वाकला. तिने त्याचं डोकं थोपटलं, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं.

प्रमुखांनी झाकलेला फलक स्वतः उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. समारंभ होणार नाही, चौकशी पुन्हा उघडायला लावीन, असं ते म्हणाले, आणि हात न पुसता म्हणाले. मोठे साहेब त्यांच्यामागून ऑफिसात गेले. जाताना ते खुर्चीपाशी क्षणभर थांबले. ती त्यांच्याकडे बघेल अशी त्यांची अपेक्षा असावी. ती बघत नव्हती.

"ताई," वहिनी म्हणाल्या, "आता दर गुरुवारी या. कुणी अडवणार नाही."

"आता कशाला येऊ?"

मुलगी पुढे येऊन तिच्या शेजारी उकिडवी बसली.

"तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी त्यांच्या आठवणीने यायचे," आई म्हणाली. "मी भांडायला यायचे. दर गुरुवारी. घरात एवढीशी पोर आणि तुम्हाला शायनिंग मारायची हौस आली, असं म्हणायचे. लोकांसमोर मिरवायला माझा संसार मोडलात म्हणायचे. मनातल्या मनात काय काय बोललेय मी त्यांना. त्यांनी तीस वर्षं ऐकून घेतलं. एकदा तरी स्वप्नात येऊन सांगायचं होतं, की मी नाही चुकलो." तिने पदर डोळ्यांना लावला. "ते नाही म्हणाले होते गं. दोनदा नाही म्हणाले होते. आता मी माफी मागायला जाऊ कुठे? ते तिकडे दुसऱ्यात जळून गेले, आणि मी इथे..."

आईला रडताना मुलीने कधीच पाहिलं नव्हतं. तिने आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"इथेच माग, आई," ती म्हणाली. "रोज ते ज्यात बसायचे ते हेच."

आईने मान वर करून हेलिकॉप्टरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पर्स खुर्चीवर ठेवली आणि ती उठली.

वहिनींनी भाऊजींचं कोपर धरलं आणि त्या त्यांना बाहेर उन्हात घेऊन आल्या.